गुरू गेला कुठे?

जानेवारी २०२६ मधली गोष्ट. रात्री गुरुजींनी शाळेच्या पटांगणात दुर्बीण लावली होती. गुरू ग्रह बघायचा होता. मी आजीला हात धरून नेले. माझा नंबर आधी लागला. पिवळसर गोल आणि शेजारी चांदण्यांसारखे त्याचे चार मोठे चंद्र! मी पोटभर बघत राहिले. मग आजीने डोळा लावला. ती म्हणाली, "मला तर नुसता काळोख दिसतोय गं. गेले वाटतं माझे डोळे." मला रडूच आले.

गुरुजी हसले. "आजी, डोळे नाही गेले, गुरू गेला! पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून ग्रह सरकत सरकत दुर्बिणीबाहेर जातो." त्यांनी नळी जराशी ढकलली. "दिसला गं बाई!" आजी ओरडली. पुढे प्रत्येकासाठी नळी सरकवायचे काम मी मागून घेतले.

मी विचारले, "असाच देवयानी दीर्घिकेचा फोटो काढू या?" गुरुजी म्हणाले, "असा नाही जमायचा. ग्रह तेजस्वी. बघायला हाताने सरकवलं तरी चालतं. देवयानीचा उजेड सुमारे २५ लाख वर्षं प्रवास करून येतो, फार अंधूक. कॅमेरा कितीतरी मिनिटं उघडा ठेवावा लागतो. तेवढा वेळ यंत्राने दुर्बीण अचूक फिरवली नाही, तर चांदण्यांच्या रेघा उमटतात."

मित्रांनो, दुर्बिणीत काही दिसले नाही तर डोळ्यांना दोष देऊ नका. पृथ्वी फिरते हे आठवा. आणि रांगेत आजी असेल, तर तिचा नंबर आधी लावा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी