पाहुणे आले की

१
पुण्याचे असोत, नगरचे असोत की न्यू जर्सीचे, चहा होण्याआधी विचारतात, इकडे कांदिवलीत बघण्यासारखं काय आहे? कप खाली ठेवताना विचारतात, चर्चगेट फास्ट किती वाजता?

२
मरीन ड्राइव्ह बघायचं असतं. ते ज्या बॅकबेच्या भरणीवर आहे, तिच्यासाठी १९२० च्या दशकात कांदिवलीच्या खाणीतून दगड गेला. काम रखडलं, खर्च फुगला. गव्हर्नर लॉइड यांची टर उडाली. खुर्शीद नरिमन यांनी त्या योजनेतला गैरकारभार चव्हाट्यावर आणला आणि पुढे त्याच बाजूच्या भरणीला त्यांचं नाव मिळालं : नरिमन पॉइंट. लॉइडसाहेबांची बदनामी झाली, नरिमन यांचं नाव झालं, कांदिवलीचा डोंगर गेला.
पाहुणे तिकीट काढून तिकडे जातात.

३
के. आर. यू. टॉड या आरमारी अधिकाऱ्याला कांदिवलीत अश्मयुगीन हत्यारं सापडली. मुंबईच्या पुराश्मयुगावरचा त्यांचा लेख १९३९ साली छापून आला. म्हणजे इथले सर्वांत जुने रहिवासी दगड हातात घेऊन फिरत.
सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला काही सभासद अजूनही त्याच तयारीने येतात.

४
"म्युझियम कुठं आहे?"
"भायखळ्याला."
"सोडता?"
"रिक्षा जात नाही तिकडं."

५
भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. बुधवारी बंद.
पाहुण्यांना बुधवारच मोकळा असतो.

६
कान्हेरीला राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीच्या गेटमधून जायचं. ९० क्रमांकाच्या लेण्यात पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत, १००९ आणि १०२१ सालची. अभ्यासक ती काळजीपूर्वक वाचतात. आज कुणी किल्लीने 'राहुल' कोरलं तर गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. तरी राहुलचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

७
भाद्रपद शुद्ध चतुर्थी. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका, पाटावर गणपती, डोक्यावर टोपी. सहाव्या मजल्यावरच्या बेन आत येतात. पर्युषणाचा आठ दिवसांचा उपवास, आवाज खोल गेलेला. हात जोडून म्हणतात, "मिच्छामि दुक्कडम्."
काकांचे हात पाटाला. ते मान हलवतात. बाप्पा दोघांच्या मध्ये.
चौथ्यावर एकवीस मोदक, सहाव्यावर अजून पाणीही नाही. पारणं उद्या.

८
दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. स्टेशनबाहेर ऋषीच्या भाजीचे वाटे : अळू, लाल माठ, भेंडी, मक्याचं कणीस, सुरणाचा तुकडा. बैलाच्या मेहनतीचं काही नको, असा नेम. वाटा महाग असतो, टेम्पोच्या मेहनतीचे पैसे वेगळे.
समोरच्या गल्लीत जैनांचा चातुर्मास. तिथे पालेभाजी वर्ज्य.

९
चारकोपचा राजा माघी गणपती. २०२५ साली १ फेब्रुवारीला गणेश जयंती होती. दोन दिवस आधी उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्तींवरची बंदी कडकपणे पाळा, असं बजावलं होतं. समुद्रात विसर्जनाला परवानगी नाही, कृत्रिम तलाव घ्या, असं मंडळाला सांगण्यात आलं. एवढी उंच मूर्ती तलावात कशी मावणार? राजा मिरवणुकीने निघाला आणि मंडपात परत आला. मग तिथेच झाकून ठेवलेला. होळी झाली, गुढीपाडवा झाला, आंबे आले आणि संपले, पाऊस लागला. जुलैअखेर न्यायालयाने सहा फुटांवरच्या मूर्तींना नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मुभा दिली. ऑगस्टच्या सुरुवातीला राजा मार्व्याच्या समुद्रात गेला. भाद्रपदाच्या गणपतींना तेव्हा महिनाही उरला नव्हता.
'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायची सगळ्यांनाच सवय. जायला उशीर झाला तर काय म्हणायचं, हे ठरलेलं नाही.
समुद्राचं म्हणणं कुणी विचारलं नाही, असं मात्र नाही. न्यायालयात गेले होते ते त्याच्याच वतीने.

१०
माघात तिळाचे मोदक. उकडीचे मागू नयेत.

११
महावीरनगरची खाऊगल्ली, रात्री साडेनऊ. नगरच्या मामांना जैन पावभाजी खिलवली. कांदा नाही, लसूण नाही, बटाट्याच्या जागी कच्ची केळी. मामांनी दुसरी प्लेट मागवली, ताट पावाने पुसून घेतलं आणि गाडीवाल्याला म्हणाले, "बटाटा कुठला वापरता हो? तळेगावचा?"
गाडीवाला म्हणाला, "हो."

१२
गुजराती पाटीवर मराठी वडापाव, मराठी पाटीवर मांडवीची दाबेली. दोन्ही गाड्यांवर पाव एकाच बेकरीचा.

१३
चारकोप. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे रस्ता, पाणी, गटार घालून लहान लहान प्लॉट दिले. घर ज्याचं त्याने बांधायचं. लोकांनी बांधलं, मग त्यावर पोटमाळा, पोटमाळ्यावर खोली, खोलीवर पत्रा. परदेशातून नगररचनेचे अभ्यासक बघायला येतात. आपले पाहुणे मालवणी खानावळीसाठी येतात. कोंबडी-वडे, सुरमई, सोलकढी. सोलकढी दुसऱ्यांदा मागितली की पैसे पडतात. हे आधी सांगितलेलं बरं.
गणपतीत शटर बंद. खडूने लिहिलेलं : "गावाक गेलंव." त्याखाली तारीख नाही.

१४
बाहेरगावच्या मेल-एक्स्प्रेस कांदिवलीला थांबत नाहीत. बोरिवलीला उतरायचं आणि लोकलने पुढे यायचं. आगमनाच्या फोनवर हे समजावताना चहा गार होतो.

१५
नवरात्र. दहा वाजता लाऊडस्पीकर बंद. दहा वाजून पाच मिनिटांनी टाळ्या.

१६
ऑक्टोबरचा पहिला रविवार, ईस्ट इंडियन मंडळींचा आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला येतात. पोयसरच्या खाचरांवर आता इमारती आहेत. लोंब्या तरी येतातच.
ईस्ट इंडियन मसाला उन्हाळ्यात कांडतात आणि बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात. मित्राच्या घरी फळीवर अशी रांग दिसली आणि न्यू जर्सीच्या पाहुण्यांचा चेहरा उजळला. बूच उघडल्यावर शिंका.

१७
आश्विन वद्य द्वादशी. देवळाबाहेर एक बाई गाय-वासरू घेऊन बसते. चाऱ्याची पेंढी विकत घ्यायची, तिच्याच गायीला घालायची, नमस्कार करायचा. वसुबारस.
राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आसपासच्या वारली पाड्यांवर त्याच दिवशी वाघबारस. वाघोबाला नारळ.
दोन्हींच्या मध्ये लोखंडवाला, ठाकूर व्हिलेज आणि तिथले भटके कुत्रे. उद्यानाच्या कडेच्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. कुत्र्यांच्या नावाने बारस नाही.