नवा घेण्याआधी

दहिवली, कर्जत
नागपंचमी

चि. भाच्यास,


तुझी तक्रार ताईकडून कळली. गाडीतला ॲम्प्लिफायर थोडा वेळ झकास वाजतो, मग लाल दिवा लावून गप्प बसतो. दुकानदाराने झाकणही न उघडता ‘बोर्ड गेला, नवा घे’ असं सांगितलं. इतक्यात घेऊ नकोस. बोर्ड गेला असेलही, पण तो कशाने गेला हे कळल्याशिवाय नवा बसवलास तर तोही त्याच वाटेने जाणार. फोनवर सांगितलेलं तुझ्या एका कानातून जाऊन दुसऱ्यातून निघतं, म्हणून लिहून पाठवतोय. कागद डॅशबोर्डात ठेव.

लाल दिवा म्हणजे प्रोटेक्शन. ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, आणि त्याची कारणं मोजकीच असतात: स्पीकरच्या बाजूला शॉर्ट, आतले आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट, फार तापणं, नाहीतर करंट नीट न पोचणं. यातलं कुठलं, ते फुकटात कळतं. स्पीकरच्या वायरी आणि आरसीए पिना काढून टाक. पॉझिटिव्ह, अर्थ आणि स्टिरिओकडून येणारी रिमोटची वायर एवढंच ठेव आणि चालू कर. तरी लगेच लाल झाला तर रोग पेटीच्या आत. हिरवाच राहिला तर एकेक वायर परत लावत जा; जिच्यावर दिवा लाल होईल ती धर. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो. शून्य दाखवलं तर कॉइल जळाली किंवा वायर चेपली. स्पीकरची कुठलीही वायर गाडीच्या बॉडीला लागलेली चालत नाही. दाराच्या बिजागरीपाशी आणि सीटच्या रुळाखाली आधी बघ, तिथे वायरीची साल हमखास सोलते.

पण तुझं दुखणं वेगळं दिसतंय. ताई म्हणाली, पनवेलच्या फेरीला खालापूर टोलनाक्याच्या रांगेत तो हटकून बंद पडतो, आणि गाडी पळायला लागली की पुन्हा चालू होतो. शॉर्ट असता तर त्याने टोलनाका बघितला नसता. रांगेत इंजिन आयडलिंगला, वर पाऊस, म्हणजे हेडलाइट, वायपर, एसी सगळं एकदम चालू. अल्टरनेटर तेव्हा जेमतेम पुरतो. बंद गाडीत चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या जरा वर असते, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर हेच साडेदहा-अकराच्या खाली गेले की तो मान टाकतो.

पण नुसत्या आयडलिंगने व्होल्ट इतके खाली जात नाहीत; मग ॲम्प्लिफायरपर्यंत अकराच का पोचतात? माझा संशय अर्थच्या बोल्टवर आहे. तू पेटी मागच्या सीटखाली ठेवलीस आणि अर्थ तिथल्याच फ्लोअरच्या बोल्टला दिलास. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पॅसेंजर ओल्या छत्र्या आणि चिखलाचे पाय घेऊन बसतात, मॅटखाली पाणी मुरतं, आणि बोल्टखाली तपकिरी पूड जमते. वरून वायरीचा लग घट्ट दिसतो. मीटर बझरवर लावलास तर बीपही वाजते. मेख तिथेच आहे. बझरला एक दशांश ओहम आणि शून्य सारखंच. पण बेस जोरात असताना वीस अँपिअर वाहिले, तर त्या एक दशांश ओहमवर दोन व्होल्ट जागीच मरतात, आणि बोल्टापाशी चाळीस वॉटची उष्णता तयार होते. हात लावलास तर बोल्ट गरम लागेल.

म्हणून अर्थ नेहमी गाणं चालू ठेवून तपासायचा. मीटर वीस व्होल्ट डीसीवर, एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी ॲम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलवर, आणि आवाज वाढव. एक-दोन दशांश व्होल्ट आले तर ठीक. अर्ध्याच्या वर गेले तर चोर सापडला. तसंच पॉझिटिव्हच्या बाजूलाही कर. फ्यूजच्या होल्डरमध्येही गंज बसतो. मग बोल्ट काढ, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत कर, लग बसव, दातेरी वॉशर घाल आणि वरून ग्रीस लाव. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि होईल तितकी आखूड हवी. सीट बेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नकोस.

एवढं करूनही लाल दिवा गेला नाही, तर पेटी उघडावी लागेल. व्होल्टेज कमी पडलं की पॉवर सप्लायचे मॉसफेट पुरते उघडत नाहीत, अर्धवट चालतात, तापतात आणि शेवटी शॉर्ट होतात. म्हणजे दुकानदाराचं म्हणणं शेवटी खरंही ठरेल, पण आजार बोल्टचा आणि बळी मॉसफेटचा. बदलायचे तर जोडीतले सगळे एकदम बदलायचे. त्यांच्या गेटचे रेझिस्टर मोजायचे, खालचा अभ्रक आणि पेस्ट विसरायची नाही. पहिल्यांदा करंट देताना पॉझिटिव्हमध्ये इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालायचा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर काम जमलं. ढणढणा पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे, आणि बल्बामुळे नवे मॉसफेट वाचले. माल लॅमिंग्टन रोडवरून आणतो मी. स्वस्तात मिळतो म्हणून कुठलाही उचलू नकोस, नकली मॉसफेटवर नंबर अस्सलच छापलेला असतो.

आणि पेटीवरचे ते ‘२००० वॉट’ मित्रांना सांगत फिरू नकोस. तिच्या फ्यूजवर पंचवीस लिहिलंय. पंचवीस अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे आत जाणारे फार तर ३६० वॉट. त्यातले काही उष्णतेत जाणार. स्पीकरला सतत दोनशे-अडीचशे मिळाले तर पुष्कळ झालं. अशा स्टिकरांना आळा बसावा म्हणून अमेरिकेतल्या कंपन्यांच्या संघटनेने २००३ मध्ये मोजणीचा नियम केला: १४.४ व्होल्ट, चार ओहम आणि एक टक्क्याच्या आत विकृती असताना निघेल तीच ताकद छापायची. आपल्या बाजारात स्टिकर अजून मोकळे आहेत. फ्यूज मात्र सहसा थाप मारत नाही, कारण थापेने पेटी जळते.

बोल्ट साफ करून टोलनाक्याची एक फेरी मार. तरी बंद पडला तर रविवारी खोपोली लोकलने पेटी घेऊन ये. उघडू आपण, पण सोल्डरिंग तू करायचंस. मामा करतो म्हणून बघत बसलास तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पत्र लिहावं लागेल.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा

ता.क. फ्यूज उडाला तर पंचवीसच्या जागी पंचवीसचाच घाल. चाळीसचा घातलास किंवा तार गुंडाळलीस, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर पेटेल, आणि ती सीटखालून जाते.