आठला घेतलं, सव्वासतराला विकलं

आमच्या नातेवाइकांत सध्या माझ्याबद्दल हे एकच वाक्य फिरतंय. परवा एका लग्नात पंगतीला बसलो तर समोरून मावसभाऊ ओरडला, "काय शेठ, आता पुढचं घर कोणतं?" पुण्याच्या आत्याने फोनवर विचारलं, "खरंच का रे सव्वानऊ लाख सुटले?" मी "नाही गं" म्हटलं की समोरचा माणूस हसतो. पैसे मिळालेला माणूस 'नाही'च म्हणणार, असं त्यात गृहीत असतं. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

तर झालं असं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी बसून मी परदेशी माणसं जुनी घरं घेऊन दुरुस्त करून विकतात असले व्हिडिओ पाहायचो. अमेरिकेत याला फ्लिपिंग म्हणतात. पहिल्या मिनिटाला पडकं घर, विसाव्या मिनिटाला चकचकीत स्वयंपाकघर आणि शेवटी स्क्रीनवर नफ्याचा आकडा. मला वाटलं, कुरखेड्यात हे का होऊ नये? तालुक्याचं गाव आहे. शिक्षक, तलाठी, नर्सबाई, बँकेतले लोक बदलून येतात, भाड्याची घरं शोधत हिंडतात. २०१५ पासून ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आहे. आणि जुन्या वस्तीत कवेलूची, मातीच्या भिंतींची कितीतरी घरं कुलूप लावून पडलेली.

पहिलं घर पाहिलं ते फारच स्वस्त होतं. दलाल म्हणाला, "कागदाचं मी बघतो, तुम्ही फक्त हो म्हणा." सुदैवाने तहसीलमधून निवृत्त झालेले एक ओळखीचे काका भेटले. त्यांनी मालकाचं आडनाव विचारलं आणि म्हणाले, "तिकडे फिरकू नकोस." घर आदिवासी कुटुंबाचं होतं. १९७४ साली जमीन महसूल कायद्यात कलम ३६-अ आलं, तेव्हापासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्याआधीच्या, म्हणजे १९५७ ते १९७४ मधल्या खरेद्यासुद्धा परत करायला लावणारा वेगळा कायदा झाला. गडचिरोलीत राहून मला हे नीट माहीत नव्हतं, याची लाज वाटली. आणि 'स्वस्त' या शब्दाच्या मागे कोण उभं असतं, हेही थोडं कळलं. ते घर सोडलं.

दुसरं घर आमच्या गुरुजींचं. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. ते गेल्यावर मावशी (गल्लीत सगळेच त्यांना मावशी म्हणतात) वडशाला मुलीकडे राहायला गेल्या होत्या. समोर ओसरी, मधे दोन खोल्या, मागे सपरी, सांदवाडीत विहीर. मावशींनी आठ सांगितले, मी आठ दिले. घासाघीस केली नाही याचा मला तेव्हा मोठा अभिमान होता.

खरेदीची घाई मात्र मी केली. सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली होती. आठ लाखांवर चोवीस हजार वाचत होते. मी २८ डिसेंबरला रजिस्ट्री उरकली. मोजणी केली नाही, हद्द पाहिली नाही. नमुना आठचा उतारा आणि कर भरल्याची पावती, एवढ्यावर खूश. त्या चोवीस हजारांनी पुढे मला काय काय दाखवलं ते येईलच.

खर्चाचा अंदाज साडेतीन लाख, मुदत तीन महिने. सहा लाखांचं कर्ज अकरा टक्क्यांनी काढलं. तीन महिन्यांचं व्याज ते काय!

इथे मला आमच्या भागाचं वेळापत्रक सांगायला हवं, कारण व्हिडिओवाल्यांकडे ते नसतं. जानेवारी-फेब्रुवारीत मिस्त्री दुसऱ्याचं काम संपवत होता. त्यात रात्री झाडीपट्टीची नाटकं. रात्रभर नाटक पाहिलेला मजूर सकाळी आठला विटा उचलायला येईल, ही अपेक्षाच चूक. मार्चमध्ये काम सुरू झालं, छपराचे कवेलू उतरवले आणि मोहफुलं पडायला लागली. बाया-माणसं पहाटे जंगलात. एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट, सगळं बंद. मे महिन्यात तेंदूपत्ता. त्या पंधरा-वीस दिवसांत जो पैसा हातात येतो तो सोडून माझ्याकडे कोण येणार, आणि का यावं? जूनमध्ये पाऊस. जुलैत रोवणा.

मी मिस्त्रीला फोन करायचो. तो शांतपणे म्हणायचा, "रोवना झाला का येतो जी."

छप्पर अर्धं उघडं. ताडपत्री टाकली होती, ती वाऱ्याने फाटली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांची झड लागली आणि चौथ्या दिवशी मागची भिंत बसली. मातीची भिंत पडते तेव्हा आवाज होत नाही, हे मला तेव्हा कळलं. सकाळी जाऊन पाहिलं तर भिंतीच्या जागी ढीग, आणि त्यावर शेजाऱ्याची कोंबडी.

पन्नास-साठ वर्षं उभी असलेली भिंत माझ्या एका पावसाळ्यात पडली, कारण गुरुजी दरवर्षी मे महिन्यात कवेलू फेरायचे. वानरांनी फोडलेले बदलायचे. मातीच्या घराची सगळी ताकद छपरात आणि पायथ्याशी असते. वर पाणी शिरू दिलं नाही आणि खाली साचू दिलं नाही की ते टिकतं. उरलेल्या भिंतींवर मी हौसेने सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, तेही दिवाळीपर्यंत फुगलं. माती ओल पिते आणि सोडते, सिमेंट ती सोडू देत नाही. हे मला मिस्त्रीनेच सांगितलं, पण प्लास्टर झाल्यावर. आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाला, "तुमी इंजिनियरवानी बोलत होते जी."

नोव्हेंबरात धानाची कापणी आणि चुरणा. पुन्हा काम बंद. त्याच महिन्यात पेपरात वाचलं की अमेरिकेतल्या झिलो नावाच्या मोठ्या कंपनीने घरं घेऊन विकण्याचा धंदाच बंद केला. संगणकाने किमतीचा अंदाज काढून त्यांनी हजारो घरं घेतली. अंदाज चुकले, घरं दुरुस्त करायला माणसं मिळेनात, कोट्यवधी डॉलर गेले आणि पाव नोकरवर्ग घरी पाठवावा लागला. खोटं कशाला बोलू, वाचून मला फार बरं वाटलं. एवढी मोठी कंपनी, आणि अडली कुठे? मिस्त्रीपाशीच.

पडलेली भिंत बांधायला घेतली तेव्हा शेजारी हजर. म्हणाला, जुनी भिंत दोन फूट त्याच्या जागेत होती, आता नवी बांधताना आत घ्या. मी म्हटलं, भिंत तीच, जागा तीच. तो म्हणाला, कागद दाखवा. कागदावर चतु:सीमा होती, पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. फूट-इंच काहीच नव्हतं. चार महिने यात गेले. शेवटी मी दोन फूट आत आलो, संडासाची जागा बदलली, एक खोली चिंचोळी झाली. या सगळ्यात पंचावन्न हजार जास्तीचे गेले. वाचवलेले चोवीस हजार आठवत होते.

रेतीचंही तसंच. सती नदी गावाला लागून, पण पावसाळ्यात घाट बंद, मग लिलाव होईपर्यंत भाव चढा. मी नेमका चढ्या भावात अडकलो आणि पावती कोणी दिली नाही. लाकडाने तेवढं तारलं. मयाली आणि फाटे जुन्या सागवानाचे. एक जण म्हणाला, विकून टाका, चांगले पैसे येतील. पण सागवान हलवायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना आला. मग त्याचीच दारं-खिडक्या करून घेतल्या. (इथल्या लाकडाला नावं ठेवायची सोय नाही. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्याच जंगलातलं सागवान गेलं.) घर पाहायला आलेला प्रत्येक माणूस त्या दारांवर हात फिरवायचा. सत्तर हजारांच्या पीओपीच्या छताकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही.

मे २०२२ मध्ये घर तयार झालं. पहिलं गिऱ्हाईक शिक्षक जोडपं. एकोणीस लाखांना तयार. आठवडाभर मी हवेत. मग बँकेने कागद मागितले. नुसत्या कर आकारणीच्या उताऱ्यावर गृहकर्ज होत नाही. त्यांना मिळकत पत्रिका हवी, अकृषक आदेश हवा, मंजूर नकाशा हवा. केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून घरमालकांना पत्रिका देतात, पण ती योजना ग्रामपंचायतींच्या गावठाणांसाठी, आणि आम्ही तर नगरपंचायत झालेलो! शिक्षक गेले. त्यांच्यानंतर आलेले नर्सबाईंचे यजमानही त्याच कारणाने गेले. माझं सगळं गणित पगारदार गिऱ्हाइकावर होतं आणि पगारदार माणूस कर्जाशिवाय घर घेत नाही. घर घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या बँकेत जाऊन विचारायला हवं होतं, एक दिवस गेला असता.

तिसरा म्हणाला साडेअठरा, पण निम्मे रोख. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याला धरून नाही, आणि मला झोपही प्रिय आहे. शेवटी कोरचीकडचा एक दुकानदार आला, मुलांच्या शाळेसाठी कुरखेड्यात यायचं होतं. पूर्ण पैसे खात्यातून. त्याच्या बायकोने माझं ग्रॅनाइटचं स्वयंपाकघर पाहिलं, काही बोलली नाही, मागे गेली आणि विचारलं, "चूल कुठं मांडाची? अन् धानाची कोठी?" चिंचोळी झालेली खोली तिला कोठीसाठी पसंत पडली. सव्वासतरा लाख, जानेवारी २०२३.

आता हिशोब, मावसभावासाठी. घर आठ लाख. रजिस्ट्री, वकील वगैरे अडतीस हजार. दुरुस्ती सहा लाख पंधरा हजार. पंचवीस महिन्यांचं व्याज एक लाख साडेसदतीस हजार. कर, वीज, किरकोळ अठरा हजार. दलाली साडेचौतीस हजार. बेरीज सोळा लाख त्रेचाळीस हजार. उरले ब्याऐंशी हजार. त्यावर भांडवली नफ्याचा कर. चोवीस महिने ओलांडून विकलं म्हणून महागाईचा निर्देशांक धरून वीस टक्के (जुलै २०२४ नंतर घर घेणाऱ्यांना निर्देशांकाची सोय नाही, साडेबारा टक्के सरळ). पण सीए म्हणाला, पावत्या दाखवा. माझ्याकडे सहा लाख पंधरा हजारांपैकी चार लाख दहा हजारांच्याच पावत्या. रेतीवाला, मजूर, बैलबंडीवाला, कोण पावती देतो? आणि माझं व्याजही त्याने धरलं नाही. कर बसला सुमारे एकाहत्तर हजार.

राहिले अकरा हजार. महिन्याला साडेचारशेसुद्धा नाहीत.

हे सगळं मी एका वहीत लिहिलं होतं. ती वही घेऊन मी वडशाला गेलो, कारण मावशींच्या घरी माझ्याबद्दल काय बोललं जातंय ते कानावर आलं होतं. खरं सांगायचं तर रागच आला होता. मी त्यांना फसवलं नव्हतं, सांगितली ती किंमत दिली होती.

मावशींनी चहा ठेवला. मग विचारलं, "सव्वासतराले गेलं म्हनते?"

"हो मावशी."

"माया जवाई बारा सांग म्हनत होता. म्या म्हनलं, गुरुजीच्या हाताखालचा पोरगा आहे, त्याले आठच सांगतो."

मला हे माहीत नव्हतं. घासाघीस केली नाही म्हणून मीच स्वतःला शाबासकी देत होतो. वही मांडीवर होती, ती उघडावी की नाही कळेना. जावईबापूंनीच मागितली. ते एका दुकानात हिशोब लिहितात. मोबाईलवर बेरीज करत पान-पान पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, रेतीचे बारा हजार दोन वेळा लिहिले जी तुम्ही. एकदा सप्टेंबरात, एकदा डिसेंबरात. खेप एकच आहे."

खरंच होतं. म्हणजे अकरा नव्हे, तेवीस. ते हसले, मीही हसलो, पण पुढे काय बोलायचं ते सुचेना. बारा आणि आठमधला फरक त्या वहीत कुठल्याच रकान्यात नव्हता.

मावशींना आकड्यांत रस नव्हता. त्यांनी विचारलं, मागच्या शेजाऱ्याशी भांडण झालं ते खरं का. मी सगळं सांगितलं, दोन फूट आत आल्याचं, पंचावन्न हजारांचं.

"मले पुसला असतास बाबू. गुरुजीनं दोघाच्या समोर गोटा गाडला होता. न्हानीच्या मांगं, सीताफळाच्या बुडाशी."

ते सीताफळाचं झाड मी पहिल्याच आठवड्यात तोडलं होतं. रेतीचा ट्रॅक्टर आत यायला जागा हवी होती.