उपस्थित मान्यवर

मुकुटबनसारख्या गावी बातमी छापून येते तेव्हा ती कोणालाच नवी नसते. ज्या घटनेचा वृत्तान्त वर्तमानपत्रात दोन बोटे जागा अडवून बसलेला असतो, ती घटना गावाने आदल्या दिवशीच पाहिलेली, तिच्यावर बाजारात तर्कवितर्क केलेले, तिच्यातील पात्रांच्या तीन पिढ्यांचा इतिहास एकमेकांस ऐकविलेला, आणि एवढे सगळे झाल्यावर तिच्याविषयीचे कुतूहल पुरते फेडूनही घेतलेले असते. तरीसुद्धा वर्तमानपत्रांचा गठ्ठा वणीहून येऊन पोहोचला, की तीच माणसे तीच बातमी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालण्यासाठी हातातले काम बाजूला सारतात. वणीच्या एका साप्ताहिकाचा व पुढे एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी मुकुटबनात आयुष्याचा बराच काळ घालविला, आणि ही विसंगती, जी आरंभी मला निव्वळ हास्यास्पद वाटे, तिचाच उलगडा करीत बसण्यात त्यातला पुष्कळसा वेळ गेला.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व टोकाचे गाव. तालुक्याचे नाव झरी-जामणी आणि तहसील कचेरी झरीस. पण कापसाचे काटे, मोठी बाजारपेठ, पोलीस ठाणे आणि रेल्वेचे स्थानक मुकुटबनास, त्यामुळे दाखल्यासाठी झरीस जाणारा मनुष्यही मीठमिरचीसाठी आणि बातमीसाठी मुकुटबनासच येतो. पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा मुलूख लागतो. बाजारात वऱ्हाडी वळणाच्या मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामीही कानी पडते, आणि एखादा अपघात रस्त्याच्या कोणत्या वळणावर झाला हे ठरविताना या सर्व भाषांतील साक्षीदार एकमेकांचे बोलणे अर्धवट समजत असूनही एकाच निष्कर्षाप्रत येतात, हे मी अनेकदा पाहिलेले आहे.

या मुलखाला छापील अक्षराचे वावडे होते, असे मात्र कोणी समजू नये. ज्या वणीवरून एकेकाळी सबंध जिल्हा ओळखला जाई (यवतमाळ हे नाव जिल्ह्यास १९०५ साली मिळाले), त्याच वणीत १८८० साली माधव श्रीहरी अणे जन्मले, आणि १९१८ साली त्यांनी यवतमाळास जे नियतकालिक काढले त्याला ‘लोकमत’ हे नाव खुद्द लोकमान्य टिळकांनी सुचविले. आमच्या वणीच्या साप्ताहिकाचे संपादक ही हकीकत प्रत्येक वर्धापनदिनी अशा थाटात सांगत, की जणू बारशाला ते जातीने हजर होते.

माझी नेमणूक कोणत्या गुणावर झाली याविषयी मला कधीच भ्रम नव्हता. माझे वह्या-पुस्तकांचे लहानसे दुकान होते. वर्तमानपत्राची एजन्सी माझ्याकडे आली, आणि तालुक्यातल्या गावांचा शिरस्ता असा, की जो अंक विकतो आणि प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी शुभेच्छांच्या जाहिराती मिळवून देतो, तोच वार्ताहर. मानधन नाममात्र. ओळखपत्र मात्र झोकदार होते. संध्याकाळी दुकान आवरल्यावर मी मजकूर लिहून काढी, लिफाफ्यात घाली आणि वणीकडे जाणाऱ्या एस. टी.च्या वाहकाच्या स्वाधीन करी. तो वणीच्या स्थानकावरील पानठेल्यावर देई, आणि तेथून कार्यालयाचा मुलगा तो उचलून नेई. या साखळीतील एकाही माणसास कोणी वेतन देत नव्हते, आणि तरीही लिफाफा हरवल्याचे मला स्मरत नाही. वाटेत तो उघडून वाचला जाई, ही गोष्ट वेगळी.

आता मी लिहीत असे ते काय? बहुतेक सर्व कार्यक्रमच. गुरुदेव सेवा मंडळाचा तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा सोहळा, शाळेचे स्नेहसंमेलन, नेत्रतपासणीचे शिबिर, बैलांच्या शंकरपटाची बक्षिसे, निवृत्त झालेल्या पटवाऱ्याचा सत्कार, आणि ज्याचा हंगाम बारमाही चाले ते निवेदन. निवेदन म्हणजे काय हे शहरातल्या वाचकास सांगितले पाहिजे. रस्त्याची दुर्दशा, रोहित्रावरील बिघाड, कोळशाच्या वाहनांची धूळ, अशी काहीतरी तक्रार एका कागदावर उतरवून दहा-पंधरा इसम तहसीलदारासमोर उभे राहतात, कागदाचे एक टोक त्यांच्या हाती व दुसरे तहसीलदाराच्या हाती असताना छायाचित्र घेतले जाते, आणि तो कागद पुढे कोणत्या दप्तरात समाधिस्थ होतो हे विचारण्याची पद्धत नाही. मी अशी छायाचित्रे अगणित पाठविली. तहसीलदार बदलत गेले; कागद धरण्याची ढब बदलली नाही.

या प्रत्येक वृत्ताच्या शेपटाला नावे असत. अध्यक्षस्थानी अमुक, प्रमुख अतिथी तमुक, मंचावर हे व हे, प्रास्ताविक यांनी केले, संचालन त्यांनी केले, आभार दुसऱ्याच कोणी मानले, आणि यशस्वितेसाठी या या मंडळींनी परिश्रम घेतले. भाषणाचा सारांश दोन ओळी आणि नावांची यादी अकरा ओळी, हे प्रमाण पाहून नागपूरचे माझे एक सुशिक्षित आप्त पोट धरून हसत. वणीचे उपसंपादक हसत नसत, ते कात्री चालवीत, आणि पहिली सहा नावे ठेवून उरलेल्या सर्वांना ‘आदी उपस्थित होते’ या गोणीत कोंबून टाकीत. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर येऊन उभा राही. “काऊन भाऊ, सतरंज्या आम्हीच टाकल्या, अन् आमचंच नाव नाही आलं जी?” असे एखादा तरुण विचारी, आणि त्याच्या स्वरात राग फारसा नसे; आपण त्या ठिकाणी होतो की नव्हतो, याबद्दल त्यालाच शंका उत्पन्न झाल्यासारखा तो दिसे.

वस्तुतः त्या यादीत हसण्यासारखे फार थोडे होते. आमच्याकडील साधारण कास्तकाराचे नाव कागदावर कोठे कोठे येते याचा मी एकदा मनाशी हिशोब केला. सातबाऱ्यावर येते, तेथे त्याच्यासोबत बोजा येतो. मतदारयादीत येते, ते पुष्कळदा वडिलांचे नाव चुकवून. सोसायटीच्या भिंतीवर येते, ते थकबाकीदार म्हणून. पोलीस ठाण्यात येते, ते फिर्यादी वा आरोपी म्हणून. यांपैकी प्रत्येक ठिकाणी त्याच्याकडून काही येणे असते, किंवा त्याच्यावर काही बालंट असते. कोणाचेही काही देणे नसताना, केवळ तो आला, बसला, सतरंजी टाकली, खंजेरी वाजविली एवढ्याचसाठी त्याचे नाव छापले जाण्याची जागा मुकुटबनात एकच होती, आणि तिच्यावर माझा अर्धवट ताबा होता. हे ध्यानी आल्यावर मी नावांचा क्रम लावताना पूर्वीपेक्षा सावकाश लिहू लागलो, आणि जाहिरात देणाऱ्याचे नाव आपोआप वर सरकते हेही मला पूर्वीपेक्षा अधिक बोचू लागले.

माझ्या या सत्तेला वर्षातून एकदा उघड प्रतिस्पर्धी भेटे. श्रावणी अमावास्येस पोळा असतो. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण होते, पोळ्याच्या दुपारी त्यांना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून, झूल आणि बेगड चढवून आखरावर तोरणाखाली रांगेने उभे केले जाते, आणि मानाची पूजा आटोपून तोरण तुटेपर्यंतचा जो वेळ असतो, त्या वेळात झडत्या चालतात. एक इसम पुढे होऊन आवाज चढवून चार-सहा जुळत्या ओळी फेकतो, दुसऱ्या बाजूचा तशाच ओळी परत करतो, आणि प्रत्येक झडतीच्या अखेरीस सारा जमाव महादेवाचा गजर करतो. देवादिकांची दोन कवने झाली की झडत्या झपाट्याने जमिनीवर उतरतात. कापसाचा भाव, व्यापाऱ्याचा काटा, ग्रामपंचायतीच्या नळाचे नुसतेच पडलेले तोंड, पुढाऱ्याने बदललेला पक्ष, अशा ज्या गोष्टी मी सबंध वर्षात ‘नागरिकांत चर्चा आहे’ एवढ्या पडद्याआडून सुचवीत आलो होतो, त्या तेथे संबंधित गृहस्थ दहा हातांवर उभा असताना, त्याच्या तोंडावर, त्याच्याच बैलजोडीला ऐकू जाईल अशा स्वरात म्हटल्या जात. आणि त्याला हसावे लागे, कारण त्या दिवशी रागावणारा मनुष्य वर्षभर हास्यास्पद ठरे. एका पोळ्याला माझ्यावरही झडती झाली. जो पैसे देतो त्याचा फोटो मोठा, असा तिचा आशय होता. मी हसलो. घरी बैल दाराशी आल्यावर त्यांना ओवाळून गड्याला बोजारा देताना मात्र माझा चेहरा पाहून पत्नीने कारण विचारले, आणि ऐकल्यावर तीही हसली.

त्या झडतीतील मजकूर मी अर्थातच छापावयास पाठविला नाही. ‘पोळा उत्साहात साजरा’ या मथळ्याखाली मानकऱ्यांची नावे तेवढी पाठविली.

नावांविषयीच्या माझ्या सिद्धान्ताला धक्का बसला तो एका कोलाम पोडावर. झरी-जामणी तालुक्यात गोंड आणि कोलाम यांची वस्ती मोठी. कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात, ती मूळ गावापासून अलग, टेकडीच्या अंगाला असते, आणि सरकारी वर्गवारीत या जमातीची गणना राज्यातील तीन आदिम जमातींत होते. पोडावर पाण्याची काही सोय झाली होती व तिचे उद्घाटन होते. पाहुणे आले, नारळ फुटला, पाहुणे गेले. मी मागे राहून चावडीत बसलेल्या मंडळींची नावे टिपू लागलो, कारण ज्यांच्यासाठी समारंभ होता त्यांपैकी एकही नाव मंचावरून उच्चारले गेले नव्हते, आणि ही उणीव भरून काढण्याच्या सत्कृत्याने मी मनोमन प्रसन्न झालो होतो. पोडाचा नाईक बराच वेळ माझी वही पाहत होता. मग म्हणाला, “पोडाचं नाव लिवा जी. माणसाचं कायले पायजे?” मी म्हटले, लोकांना आवडते. त्याने इतरांकडे पाहिले, कोलामीत काही बोलणे झाले, एक म्हातारी हसली, आणि तो पुन्हा शांतपणे म्हणाला, “पोडाचं लिवा.” मी पोडाचे लिहिले. वणीला ते दोन ओळींत आटोपले, आणि पाहुण्यांची नावे सहा ओळी गेली.

एक प्रकारची बातमी अशी होती, की जिच्यात कास्तकाराचे नाव पहिल्या ओळीत येई. यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर ज्या कारणाने झाले ते सांगण्याची गरज नाही. आत्महत्या झाली की ठाण्यात मर्ग दाखल होई, पंचनामा होई, आणि मी ठरलेल्या साच्यात बातमी लिही: वय, गाव, जमिनीचे एकर, सोसायटीचे वा बँकेचे कर्ज, पश्चात कोण. अशा कुटुंबास शासनाकडून एक लाखाची मदत मिळावयाची तर प्रकरण जिल्हा समितीपुढे जाते आणि ‘पात्र’ वा ‘अपात्र’ असा शेरा त्यावर पडतो; तेव्हा मृताचा भाऊ किंवा मेहुणा दुकानात येऊन बातमीत कर्जाचा आकडा नीट घाला, अशी विनवणी करी, आणि कात्रण अर्जाला जोडी. त्या कात्रणाला नियमांत फारसे वजन नव्हते, तरी मी ते जोडू देई. दुसऱ्या काही घरांतून याच्या अगदी उलट मागणी येई: काहीच लिहू नका, मुलगी लग्नाची आहे. अशा वेळी मी लिहीत नसे. दैनिकाच्या जिल्हा कार्यालयातून विचारणा झाली, दुसऱ्या पत्रात आले आणि आपल्याकडे कसे नाही म्हणून खुलासा मागितला गेला, तरी मी आपला मोघम उत्तर देई. त्या घरावरून मला रोज सकाळी दुकानात जावे लागे, जिल्हा कार्यालयास जावे लागत नव्हते. बातमीदारीच्या शास्त्रात हे बसते की नाही, ते शास्त्र्यांनी पाहावे.

बाहेरचे वार्ताहर आमच्याकडे येत ते मोठ्या कारणांसाठी. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावरील फवारणीने जिल्ह्यात शेतमजुरांना विषबाधा होऊन अनेकांचे बळी गेले तेव्हा आले. २०२१ च्या एप्रिलात मुकुटबन वनपरिक्षेत्रात गर्भवती वाघीण मारली गेली तेव्हा आले. आणि वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना २०२२ साली सुरू झाला तेव्हा अर्थविषयक पानांवरही गावाचे नाव झळकले. ही मंडळी गाडीतून उतरत, माझ्या दुकानात पाणी पीत, वाट विचारीत, आणि संध्याकाळच्या आत परत जात. त्यांनी लिहिलेले पुष्कळसे खरेच होते, आणि माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत होते. फक्त त्या सगळ्या मजकुरात मुकुटबनचा मनुष्य नेहमी एक तर मेलेला असे, नाहीतर ‘एक ग्रामस्थ’ असे.

आता वार्ताहरकी मी सोडली आहे. एजन्सी तेवढी आहे, आणि अंक निम्म्यावर आले आहेत. माझ्या जागी आलेला तरुण हुशार आहे. कार्यक्रम चालू असतानाच तो भ्रमणध्वनीवरून छायाचित्रे पाठवितो, व्हॉट्सॲपच्या गटात ती आभारप्रदर्शनापूर्वी फिरतात, आणि लिफाफा, वाहक, पानठेला यांची साखळी त्याला गोष्टीतल्यासारखी वाटते. तरीही छायाचित्र साऱ्या गावाने पाहून झाल्यावर, “पेपरात कधी येते जी?” हा प्रश्न त्याला चुकलेला नाही. तो मला क्वचितच काही विचारतो. परवा रात्री मात्र त्याचा दूरध्वनी आला: भजनमंडळाच्या कार्यक्रमाचे वृत्त पाठवावयाचे होते, दोन वयोवृद्ध सदस्य मंचावर होते, दोघेही एकमेकांवर गेली कित्येक वर्षे रुसलेले, आणि आधी कोणाचे नाव घालावे हे त्याला ठरवता येईना. मी म्हटले, जो वयाने मोठा त्याचे आधी. “दोघंही सांगतात, मीच मोठा,” तो म्हणाला. मग एकाचा शाळेतला दाखला, दुसऱ्याच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचे साल, आणि ज्या वर्षी पैनगंगेला मोठा पूर आला त्या वर्षी यांपैकी पाळण्यात कोण होता, असा तपास करता करता दहा वाजून गेले, आणि जिल्हा कार्यालयाने पान बंद केले असल्याचा निरोप त्याला आला.