टेकत टेकत रिद्धपूर

फेब्रुवारीत अमरावतीहून कुणी मोटारसायकल बाहेर काढली की शेजारीपाजारी समजतात, निघाले चिखलदऱ्याला. तिकडे दऱ्या आहेत, पॉइंट आहेत, फोटोसाठी कठडे आहेत. आम्ही मात्र वलगावनंतर परतवाड्याचा रस्ता सोडून चांदूर बाजारकडे वळणार होतो. मागे बसलेल्या मेव्हण्याला काही हे पटेना. “भाऊजी, रिद्धपुरात पाहाले काय हाये?”

वलगावला पेढी नदीच्या पुलाशी गाडी उभी केली. नदीत नावापुरतं पाणी. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथेच, अमरावतीकडे येताना, वाटेत. यात्रेकरूंसाठी पंढरपूर, नाशिक, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या करणारा हा माणूस जन्मभर गावोगाव हिंडत राहिला. डोक्यावर गाडग्याचं खापर, हातात खराटा. मेव्हण्याने पुलाकडे तोंड करून हात जोडले आणि पुन्हा हेल्मेट चढवलं. वऱ्हाडात एवढ्यावर भागतं.

पुढचा रस्ता सपाट. गहू, हरभरा, पऱ्हाटीची वाळकी झुडपं. आणि मग हळूहळू संत्र्याचे बगीचे सुरू होतात. एका बांधावर थांबलो, कारण वास थांबवत होता. आंबिया बहाराची फुलं उमलली होती. पांढरी, जाडसर पाकळ्यांची. खाली पडून मातीत मिसळलेलीही. हा बहार आपोआप येत नाही. थंडीत झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. पानं मलूल होतात, कडेने वळतात, बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांवर येतं. शेजारच्याच बगीच्यात मृगाच्या बहाराची तोड चालली होती. एकीकडे फूल, दुसरीकडे क्रेटमध्ये भरलेलं फळ. तोडणाऱ्यांपैकी एकाने न विचारता दोन संत्री पुढे केली. पैसे काढले तर म्हणाला, “राहू द्या बाप्पा, खाऊन त पाहा.”

चांदूर बाजारात रस्सा घातलेला आलुबोंडा खाल्ला. तो इतका तिखट होता की मोर्शीच्या दिशेने निघाल्यावर बराच वेळ मेव्हण्याने एकही प्रश्न विचारला नाही.

रिद्धपूर आलं तेव्हा मला त्याचा प्रश्न मनातल्या मनात मान्य करावा लागला. डोळ्यांत भरावं असं इथे फारसं काही नाही. साधं गाव, मठ, मंदिरं, आणि ओटे. महानुभाव पंथाची ही काशी, पण दर्शन घ्यायचं ते बहुतेक ओट्यांचं. राजमठात एक वृद्ध गृहस्थ ओट्यावर कपाळ टेकवून बराच वेळ तसेच राहिले. उठल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, “दंडवत प्रणाम.” आम्हीही म्हणालो. त्या ओट्याला मूर्ती नाही, कोरीवकाम नाही. इथे कुणीतरी बसलं होतं, एवढंच त्याचं महत्त्व.

ते कुणीतरी म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकातले गोविंदप्रभू, गुंडम राऊळ. कुणाच्याही घरात शिरावं, कुणाच्याही हातचं खावं, मनात येईल तिथे लहान मुलासारखं खेळावं. त्यांना वेडं म्हणणारे होते आणि आईबाप मानणारेही. रामटेकच्या यात्रेला निघालेला गुजरातचा राजपुत्र त्यांना इथेच भेटला. परंपरा सांगते, राऊळांनी खाद्यपदार्थांच्या बाजारात उष्टं सेंगुळं प्रसाद म्हणून त्याच्या हातावर ठेवलं आणि तो चक्रधर झाला. मला ही गोष्ट फार आवडते. एवढ्या मोठ्या पंथाची सुरुवात मंत्राने नाही, बाजारातल्या खाण्याने झाली.

याच राऊळांना एकदा लग्नाची हौस आली, म्हणून महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचून म्हटले. मराठीची आद्य कवयित्री ती ही. चक्रधरांच्या पश्चात शिष्य इथे गोळा झाले आणि म्हाइंभटांनी शके 1200च्या सुमारास त्यांच्या आठवणींचं लीळाचरित्र लिहिलं. घरात बसून नव्हे. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्या गावी जायचं, विचारायचं, दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही पाठ ठेवायचे. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ पायपिटीतून उभा राहिला आहे.

पुढच्या पिढ्यांनी स्थानपोथीही केली. कुठल्या गावी, कुठल्या दिशेला, कोणत्या देवळाजवळ चक्रधरस्वामी उतरले, जेवले, निजले, नुसते टेकले. परिश्रयाची, म्हणजे लघवीला बसल्याची, जागासुद्धा सोडली नाही. आजच्या प्रवासपुस्तकांपेक्षा मला ही पोथी प्रामाणिक वाटते. माणूस वाटेत खरं काय करतो ते तिने नोंदवलं आहे.

मठाबाहेर पंजाबची पाटी असलेली एक जीप उभी होती. पंजाबात या पंथाला जयकृष्णी म्हणतात. तिकडची मंडळी घरी पंजाबी बोलतात आणि धर्मासाठी मराठी पोथ्या वाचतात. भाषा टिकवण्याची आपली तळमळ सभा-संमेलनांत बोलून दाखवतो आपण. यांनी ती न बोलता कित्येक पिढ्या चालवली. गावात 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. जागा योग्यच निवडली. तिथल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी वर्गाआधी पायी गावोगाव पाठवावं, अशी माझी आगाऊ सूचना आहे.

मोर्शीच्या पुढे सातपुडा समोर उभा राहिला. सालबर्डीला, माडू नदीच्या काठी, चक्रधरांनी बारा वर्षं काढली असं मानतात. पलीकडे मध्य प्रदेश. मेव्हण्याने खांद्यावर थापटलं. गाडी थांबवली. तो एका बाभळीमागे गेला. अवतार नसल्यामुळे तिथे ओटा होणार नाही, पण पोथीचा शिरस्ता पाळायचा म्हणून जागा लिहून ठेवतो: रस्त्याच्या डाव्या हाताला, डोंगराकडे तोंड करून.