रोल धुताना

मे महिन्यात आमच्या मोहाडीला सकाळी दहा वाजताच नळाला गरम पाणी येतं. पारा ४५ च्या घरात. आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुण्याची पत्रकं मात्र बहुतेक २० अंश सेल्सिअस धरून लिहिलेली! म्हणून आपल्याकडे घरी रोल धुणाऱ्याने पत्रकाच्या जोडीला माठ आणि बर्फही ठेवावा.

आज हा विषय निघाला तो ताईच्या नातवामुळे. नागपूरला शिकतो. दिवाळीत जुना यशिका कॅमेरा घेऊन आला होता. ताईचे फोटो काढले त्याने. धान पाखडताना, अंगणात बसलेली, माझ्याशी भांडताना. माघात ताई गेली. रोल अजून तसाच आहे. "आबाजी, घरीच धुऊ म्हणतो, पण डाग पडले तर?" असं फोनवर विचारत होता. त्याला सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो.

मी १९७० च्या दशकात रात्री स्वयंपाकघरात रोल धुवायला शिकलो. तेव्हा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळायचा. तो कारखाना आता बंद आहे. पण डी-७६ हे १९२७ पासूनचं डेव्हलपर आजही मिळतं, आणि दोषही तेव्हाचेच आहेत.

माझ्या मते दोष दोन जातीचे. काही नंतर निघतात, काही जन्मभर राहतात. काळजी आधी दुसऱ्या जातीची घ्यायची.

पहिली गोष्ट, रिळावर फिल्म चढवणं. रीळ ओलं असेल किंवा काळ्या पिशवीत हाताला घाम आला, की फिल्म मधेच अडकते. ओढाताण केली की ती मुडपते आणि निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. दोन वेढे एकमेकांना चिकटले तर तिथे डेव्हलपर पोचतच नाही. म्हणून एक वाया गेलेला रोल घ्यावा, आधी उजेडात आणि मग डोळे मिटून दहा वेळा चढवावा. खरा रोल पहाटे गारव्यात चढवावा.

दुसरी, बुडबुडे. डेव्हलपर ओतल्याबरोबर टाकी ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटायची. फिल्मला चिकटलेला बुडबुडा तसाच राहिला तर तिथे गोल ठिपका राहतो. पहिला अर्धा मिनिट टाकी सावकाश उलटसुलट करायची, नंतर दर मिनिटाला दहा सेकंद. अजिबात हलवली नाही तर पट्टे येतात, फार घुसळली तर कडा जास्त काळ्या होतात.

तिसरी, तापमान. उकाड्यात २४ अंशांच्या खाली उतरणं जमलं नाही, तर डेव्हलपरमध्ये तितकंच पाणी घालून त्या तापमानाची वेळ पत्रकात बघावी. वेळ ५ मिनिटांच्या खाली आली की फिल्म सगळीकडे सारखी उमटत नाही. डेव्हलपर, हायपो आणि धुवायचं पाणी, तिन्ही एकाच घमेल्यात बर्फाच्या पाण्यात ठेवून सारख्या तापमानाला आणावीत. गार डेव्हलपरमधून एकदम गरम पाण्यात गेली तर फिल्मच्या थराला जाळी पडते. ती कशानेच जात नाही.

हायपो झाला की जीव भांड्यात पडतो. फिल्म दुधाळ दिसली तर पुन्हा ताज्या हायपोत घालता येते. रोलच्या टोकाचा तुकडा हायपोत टाकून तो स्वच्छ व्हायला किती वेळ लागतो ते आधीच बघावं, आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवावा. आमच्याकडच्या विहिरीच्या पाण्यात क्षार फार, वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. त्यासाठी शेवटी बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेटिंग एजंटचे थेंब टाकून फिल्म बुडवावी. मग न्हाणीघरात, जिथे धूळ कमी, तिथे खाली चिमटा लावून टांगावी. ओल्या फिल्मला बोट किंवा फडकं लावू नये. धूळ, ठिपके पुन्हा धुऊन निघतात, ओरखडा निघत नाही.

त्याला शेवटी इतकंच म्हटलं, बापू, आधी अंगणाचे, गाईचे फोटो काढून एक रोल धू. तो नीट निघाला की मग ताईचा. हायपोपर्यंतचं सगळं शांतपणे कर. त्यापुढे काही अडलं तर फोन कर, तेव्हा आपल्या हातात वेळ असेल.