मोरजीचा वारा

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात वाढलेल्या माझ्या भाच्याला पतंग म्हटलं की पंधरा ऑगस्ट आणि गच्ची एवढंच ठाऊक. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, मोरजीच्या किनाऱ्यावर त्यानं प्रथमच पाहिलं की पतंग माणसालाही ओढून नेतो! पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि आभाळात भलामोठा पतंग. हेच काइटसर्फिंग.

सकाळी इथला समुद्र शांत असतो. मग उन्हानं जमीन पाण्याच्या आधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा धावत येतो. म्हणून हा खेळ रंगतो दुपारनंतर.

भाच्याला लगेच पाण्यात उतरायचं होतं. ताईचा जीव टांगणीला! पण प्रशिक्षकानं त्याला वाळूवरच उभं केलं आणि हातात लहानसा पतंग दिला. तासभर तो फक्त वारा ओळखायला शिकला. ‘पाण्यात उद्या,’ हे ऐकून स्वारी हिरमुसली. ताईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

संध्याकाळी शापोरा नदीच्या मुखाकडे फिरायला गेलो. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुंपण घातलेली वाळू दिसताच भाचा कुणी न सांगता कुजबुजत बोलू लागला. घरी तो इतक्या हळू कधीच बोलला नव्हता!

जाणार असाल तर हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला जा. 2023 पासून मोपाचा विमानतळ जवळ पडतो. पावसाळ्यात मात्र समुद्र लांबूनच पाहावा.